भांड्यांची उतरंड आणि माझा सर्व्हर

आमच्या घरात जेवणाची ताटं आणि अण्णांच्या बॅचेस यांचं कायमचं वैर होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना ते फिजिक्स शिकवत, आणि शिकवायची जागा म्हणजे आमचा हॉल. पहिली बॅच उजाडायच्या आत यायची. सायकली अंगणातल्या पत्र्याला टेकवल्या जायच्या, एक सायकल पडली की तिच्यामागून सगळी रांग पडायची, आणि त्या आवाजाला आम्ही उठायचो. आई तोवर स्वयंपाकघरात सुशीला परतत असायची. चुरमुरे भिजवून, मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीवर टाकून केलेला हा प्रकार मला अजूनही आवडतो, पण लहानपणी तो मला शांतपणे खायला कधी मिळाला नाही. हॉलमध्ये अण्णा गुरुत्वाकर्षण शिकवत असताना आम्ही कुडुमकुडुम चावणं म्हणजे विज्ञानाचा अपमान. त्यात घरापासून लांब राहणाऱ्या पोरांची खानावळ आईच चालवायची. त्यामुळं येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि भाकरी हॉलच्या दारातून बाहेर जाताना प्रकाशाचं परावर्तन आत येत असे. वासाला बॅच कळत नाही. आमटीला उकळी आली की शेवटच्या बाकावरची पोरं उगाच माना वर करायची आणि अण्णा ओरडायचे, "उत्तर वासात न्हाई, फळ्यावर हाय!"

त्या घरातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आईची उतरंड. किल्लारीच्या भूकंपानं आमच्या घराची एक भिंत तडकली, बाकी काही झालं नाही. पण आईच्या आत काहीतरी तडकलं होतं ते भरलं नाही. कितीतरी महिने आम्ही अंगणात झोपलो. नंतर आत आलो, तेव्हा आईनं स्वतःची एक सोय केली. स्वयंपाकघरातल्या लोखंडी रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यावर तिनं एक तांब्या उलटा ठेवला, त्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर फुलपात्र, आणि टोकाला एक चमचा आडवा. जमीन जरा जरी हलली तरी हे सगळं खाली आलंच पाहिजे. भांडी वाजली की घराचा कायदा ठरलेला होता. जो जवळ असेल त्यानं गॅस बंद करायचा, दाराजवळचा मेन स्विच पाडायचा आणि अंगणात यायचं. का, कशाला, खरंच का, असलं काही विचारायचं नाही. अंगणात अण्णा हजेरी घ्यायचे, तीही वर्गातल्या आवाजात. बॅचच्या पोरांनाही पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं जाई. मांजरानं, उंदरानं आणि एकदा आजोळहून आलेल्या लोणच्याच्या बरणीनं ही उतरंड पाडलेली मला आठवते. प्रत्येक वेळी अख्खी गल्ली बाहेर. लोक हसायचे, पण कुणी आईला ती उतरंड काढून टाक असं म्हणालं नाही. त्यांचीही झोप त्या चमच्यावरच होती.

मी या घरची थोरली, धाकटी आणि एकुलती. नाव वैजयंता, हाक वैजू, राग आला की वैजे. माझ्या जन्मापासून मी डॉक्टर होणार हे ठरलेलं होतं, आणि अण्णांनी ही बातमी गल्लीत आधीच वाटून टाकली होती. कोपऱ्यावरचा वाणी मला साखर देताना "डॉक्टरीणबाई, सुट्टे द्या" म्हणायचा. त्या काळात लातुरात चौकाचौकांत क्लासचे बोर्ड उगवत होते. एकेका बोर्डावर मेडिकलला लागलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो असत, आणि सगळी पोरं सारखीच घाबरलेली दिसत. देगलूर, हदगाव, औसा, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन येत. अशा गावात क्लासवाल्या सरांची स्वतःची पोरगी मेडिकलला लागली नाही, तर मिठाईवाल्याच्या घरी साखर नसल्यासारखं ते दिसलं असतं. मला मात्र बेडकाचं पोट बघितलं की स्वतःचं पोट आठवायचं.

सीईटी झाली आणि निकालाची वाट बघायला मला नांदेडला मामाकडं धाडलं. मामाची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खाली चहाचं हॉटेल, वर टाइपरायटरांचा कडकडाट. दुपारी मामी बगारा भात करायची तेव्हा तमालपत्राचा वास शाईच्या रिबिनीपर्यंत पोचायचा. मामानं नुकतेच काही कॉम्प्युटर घेतले होते आणि त्यांची देखभाल सलीमभाई करत. सलीमभाई मामाचे शाळेपासूनचे दोस्त, धंद्यात भागीदार. टेबलाखाली पाय पसरून बसायचे, तोंडात बडीशेप, आणि मशीनशी बोलायचे. मशीन अडलं की म्हणायचे, "जबरदस्ती नक्को वैजूबेटा. त्याचा मूड बघून राहिलोय मी." त्यांचा मूडचा अंदाज निम्म्या वेळेला चुकायचा, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते सरळ मशीन उघडून बसायचे.

एका इंग्रजी मासिकाबरोबर त्यांना लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी मिळाली होती. एका जुन्या मशीनवर त्यांनी ती चढवली, वायरीनं दुसरं मशीन जोडलं आणि मला बोलावलं. दुसऱ्या मशीनवर एक पान उघडलं होतं, त्यात एक चौकोन. "नाव लिही." मी लिहिलं. बटण दाबलं. पान क्षणभर गेलं आणि परत आलं, त्यावर रोमन अक्षरांत लिहून आलं होतं की वैजयंता, नमस्कार, टायपिंगचा तुमचा वेग इतका इतका. मी पलीकडच्या मशीनकडं पाहिलं. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. ते मशीन स्वतःच माझं नाव वाचून, आत कुठंतरी शोधून, मला जबाब देत होतं. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील. फोनवर बोट ठेवलं की जगभरचं काहीही समोर येतं, त्यात कोण काय शोधतं हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. पण मला त्या दुपारी अंगावर काटा आला होता हे खरं आहे. बेडकाच्या पोटात काय आहे हे मला कधी बघावंसं वाटलं नाही. या मशीनच्या पोटात काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला जेवण गेलं नाही. सुट्टीभर मी तेच शिकत राहिले, आणि टायपिंग तेवढं तसंच राहिलं.

निघताना सलीमभाईंनी ते जुनं मशीन मला देऊन टाकलं. एसटीत मॉनिटर मांडीवर आणि मशीनचा डबा पायाशी घेऊन मी बसले. कंडक्टरनं मॉनिटरकडं बघून विचारलं, "टीव्ही हाय का?" मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे. तो विचारात पडला. टीव्हीचं तिकीट काय घ्यायचं ते त्याला माहीत होतं, याचं नव्हतं. शेवटी शेजारच्या म्हातारबांनी निकाल दिला, "मांडीवर हाय न्हवं? मांडीवरच्याला तिकीट नसतंय." लोह्यापासून अहमदपूरपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला मी त्या मॉनिटरला पोटाशी धरलं.

घरी आले तर निकालही आला होता. मेडिकलला लागण्याइतके मार्क नव्हते; जवळपाससुद्धा नव्हते. अण्णा रागावले नाहीत, आणि त्याचंच मला भय वाटलं. ते फक्त म्हणाले, "रिपीट कर. पहिल्या बाकावर बस. पुढच्या वर्षी हुईल." म्हणजे पुन्हा तेच फिजिक्स, तीच बेडकं, तोच हॉल आणि वर्षभर वाण्याची डॉक्टरीणबाई. मी म्हटलं, मला नांदेडला मामाकडं राहून कॉम्प्युटरची बीएस्सी करायची आहे. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "कॉम्प्युटर काय, टायपिंगच हाय ते. खाली लाइट लागती एवढंच."

पण नशीब माझ्या बाजूनं होतं आणि ते समोरच्या चौकातल्या दुसऱ्या एका क्लासच्या बोर्डावर येऊन बसलं. त्या बोर्डावर एके सकाळी नवीन ओळ रंगवलेली दिसली: 'निकाल संगणकावर'. आमच्याकडं निकाल फळ्यावर लागायचा. अण्णा खडूनं नावं लिहीत, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत, आणि उशिरा आलेल्या बापाला पुसलेल्या फळ्याकडं बघत उभं राहावं लागे. बोर्ड लागल्यापासून जो तो पालक विचारायला लागला, "सर, तुमच्याकडं काम्पुटर न्हाई का?" अण्णा काही दिवस फणफणले. मग एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि छताकडं बघत म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात मार्क दिसतेत का?"

मी सौदा केला. पालक मेळावा जवळ आला होता. त्या दिवशी कुठल्याही पालकानं पोराचा नंबर सांगितला की त्याच्या सगळ्या चाचण्यांचे मार्क आणि बॅचमधली जागा पडद्यावर आली पाहिजे, अडथळा न येता. जमलं तर मी नांदेडला जाणार. नाही जमलं तर तोंडातून चकार शब्द न काढता रिपीटच्या पहिल्या बाकावर बसणार. अण्णा म्हणाले, "मंजूर." ते इतक्या सहज म्हणाले की त्यांना माझी हार पक्की वाटतेय हे मला समजलं.

मशीन ठेवायचं कुठं? हॉलमध्ये पोरं, खोलीत प्लग नाही. उरलं स्वयंपाकघर. रॅकच्या मधल्या कप्प्यावर डाळींचे डबे सरकवून मी माझा डबा ठेवला. आई म्हणाली, "हे करतंय काय, ते तरी सांग. माझ्या घरात राहणार हाय ते." मी सांगितलं की अण्णा भाड्यानं दुसरं एक मशीन आणतायत, ते हॉलमध्ये ठेवणार, त्याच्यावरनं कुणीतरी मागणी करणार. इथला सर्व्हर ती मागणी ऐकणार. मग एक प्रोग्राम ठरवणार की नेमकं काय लागेल, आणि डेटाबेसमधनं तेवढंच काढून आणणार. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे एक वाढपी, एक आचारी आन् एक कोठी. एवढंच न्हवं? माझी खानावळच की ही." तेव्हापासून आमच्या घरात त्या तिघांना हीच नावं पडली. पुढं मोठमोठ्या कंपन्यांत मी नवीन पोरापोरींना हेच सांगत आले आणि आईचं नाव न सांगता वाहवा घेत आले.

पहिल्या दिवशीच गंमत झाली. मी लिनक्सची सीडी घातली. तो सीडी ड्राइव्ह जुना, सीडी जरा वाकडी. फिरायला लागली की डबा असा काही घुमायचा की रॅकही बरोबर घुमायचा. आधी हरभऱ्याच्या डाळीचा डबा थरथरला. मग वरून चमचा आला. मग फुलपात्र, वाटी, पेला आणि शेवटी तांब्या, सगळं फरशीवर. आईनं वळूनही न बघता गॅस बंद केला, मेन पाडला, माझं मनगट धरलं आणि अंगणात. हॉलमधनं बॅच बाहेर, शेजारचे बाहेर, पलीकडचा न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन बाहेर. अण्णांनी हजेरी घेतली. सगळे हजर. आम्ही जमिनीकडं बघत उभे राहिलो आणि जमीन काही करेना. मग मला सीडी आठवली. मी खाली मान घालून खरं काय ते सांगितलं, तेव्हा न्हाव्याचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तुमच्या पोरीनं तर भूकंप तयार केला की!" पुढं कितीतरी दिवस मी गल्लीतून निघाले की पोरं घर सोडून पळाल्याचं नाटक करायची. आईला मात्र तो विनोद लागला. तिच्या उतरंडीनं खोटं बोललेलं तिला चालत नव्हतं. तिनं मला बजावलं, "ती चक्री परत फिरवायची असली तर मला आधी सांग."

चक्रीशिवायही त्रास कमी नव्हता. वाढपी लगेच कामाला लागला. हॉलमधल्या मशीनवर माझं पहिलं पान दिसलं, मी टाळ्या वाजवल्या. पण मार्क दाखवायचं पान उघडलं तर पडद्यावर मार्कांच्या ऐवजी मी लिहिलेला प्रोग्रामच जसाच्या तसा आला, कंस आणि स्वल्पविरामांसकट. आईनं डोकावून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आचारी स्वयंपाक करायचा सोडून कृती वाचून दाखवतोय. "मंग त्याला कुणी सांगितलंच नसंल, की बाबा तू आचारी हाईस," आई म्हणाली आणि फोडणीकडं वळली. खरोखरच तेवढंच झालं होतं. पीएचपी, म्हणजे आमचा आचारी, मशीनवर चढवली होती, पण असलं पान आलं की ते पीएचपीकडं द्यायचं, हे सर्व्हरला सांगायचं राहिलं होतं. ती एक ओळ सापडायला मला एसटीडी बूथवरून सलीमभाईंना फोन करावा लागला, आणि त्यांनी आधी अर्थातच मशीनचा मूड विचारला.

सगळ्यात नाजूक होती कोठी. लातुरात लाइट जाणं ही काही बातमी नव्हती. एका दुपारी मी मार्क भरत असताना लाइट गेली, आणि परत आल्यावर डेटाबेस उघडेना. अर्धवट लिहिताना झटका बसला की आतल्या फायली मोडतात, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या बॅचचे सगळे मार्क मी पुन्हा पहिल्यापासून भरले. बोटांना पेटके आले. सलीमभाई फोनवर म्हणाले, "बेटा, काम चालू असताना त्याची वायर ओढायची न्हाई. आधी बंद हो म्हणायचं. तो आवरतो सगळं, मग झोपतो. तेवढा टाइम द्यायचा." त्या दिवसापासून लाइट जायच्या वेळा पाठ करून मी त्याला आधीच झोपवायला लागले.

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. औशाची मंडळी पुढं, हदगावची भिंतीला टेकून, देगलूरचे एक गृहस्थ दारातच उकिडवे. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हॉलमधल्या मशीनपुढं स्वतः बसायचं ठरवलं होतं. नंबर दाबायचा मान त्यांना हवा होता. मी स्वयंपाकघरात माझ्या डब्याजवळ बसले होते, कारण शेवटच्या चाचणीचे मार्क अण्णांनी त्या दिवशी सकाळी माझ्या हातात दिले होते आणि ते मी अजून भरतच होते. आई शेजारी चहाचं मोठं पातेलं ढवळत होती. बाहेर अण्णांनी पहिला नंबर दाबला, मार्क आले, आणि हॉलमधून 'आगं आई' असा आवाज उठला. दुसरा नंबर, तिसरा नंबर. मला नांदेडच्या खोलीतली खिडकी दिसायला लागली.

आणि चमचा पडला.

मागोमाग फुलपात्र, वाटी, पेला, तांब्या. मग अण्णांचा आवाज आला, मोठा, हसरा, सगळ्यांना धीर देणारा: "बसा, बसा! घाबरू नका! भूकंप नव्हं त्यो, माझ्या पोरीचं मशीन हाय! आत चक्री फिरती त्याच्या!" हदगावची मंडळी विश्वासानं बसली. देगलूरच्या गृहस्थांनी कौतुकानं मान हलवली. औशाचे लोक मात्र अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अंगणात पोचलेसुद्धा होते. किल्लारी त्यांच्याच तालुक्यातली, त्यांना जमीन ओळखायला उतरंड लागत नव्हती. मी माझ्या डब्याकडं पाहिलं. ड्राइव्ह रिकामा होता. तेवढ्यात खिडकीची तावदानं खडखडली, हॉलमधला बंद पंखा झुलायला लागला, आणि अण्णाच ओरडले, "पळा!"

बाकं आपटली, चपला तुडवल्या गेल्या. आईनं गॅस बंद केला आणि तिचा हात दाराजवळच्या मेन स्विचकडं गेला.

"आई, मेन पाडू नको!"

"वैजे, ऊठ! बाहेर!"

"पाडू नको! मार्क अर्धे लिहिलेत! आधी बंद होऊ दे त्याला!" मी कीबोर्डवर बंद हो म्हणून लिहिलंही होतं. पडद्यावर एकेक ओळ यायला लागली: हे थांबवतोय, ते थांबवतोय. इतकं सावकाश मशीन मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. तावदानं थांबली, पण परत कधी सुरू होतील याचा नेम नव्हता. मी वळून बघितलं. आई दारात उभी होती. एक पाय उंबऱ्याबाहेर, हात मेन स्विचच्या दांड्यावर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. जी बाई भूकंपानंतर न्हाणीघराची कडी लावून अंघोळ करत नव्हती, ती छताखाली उभी राहून माझ्या डब्याची वाट बघत होती. दांडा तिच्या हातात होता आणि तिनं तो ओढला नाही.

शेवटची ओळ आली. "पाड!" मी ओरडले. आईनं मेन पाडला, माझं मनगट धरलं आणि आम्ही बाहेर निघालो, तोच दारात अण्णा आडवे आले. पायात एकच चप्पल. अंगणात हजेरीला आमचा दोघींचा आवाज आला नव्हता म्हणून ते उलटे आत निघाले होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

"अक्कल गहाण टाकली का दोघींनी? काय करून राहिल्या व्हत्या आत?"

आई धापा टाकत म्हणाली, "पोरीचं काम अर्धं व्हतं."

इथं मला सांगितलंच पाहिजे, की जमीन हलली तर बाहेर पळावं. मार्क परत भरता येतात. माझ्या मुलांना मी हेच शिकवलं आहे. पण ते वाक्य आठवलं की मला अजून भरून येतं. माझ्या कामाला काम म्हणणारं ते पहिलं माणूस होतं.

धक्का लहान होता. कुठं काही पडलं नाही, पण त्या दिवशी कुणी छताखाली जायला तयार नव्हतं. बाकं अंगणात आली, चहा अंगणात आला. बऱ्याच वेळानं अण्णांनी मेन वर केला, मी आत जाऊन मशीन सुरू केलं. कोठी उघडली. एकही मार्क इकडचा तिकडं झाला नव्हता. हॉलमधला मॉनिटर आम्ही खिडकीत आणून ठेवला आणि पालक खिडकीशी रांगेत उभे राहिले. देगलूरचे गृहस्थ पुढं आले; तिकडं पोरीलाही अम्मा म्हणतात. "अम्मा, आमच्या पद्माचा नंबर बघ." पद्मा बॅचमध्ये तिसरी होती. त्यांनी ते वाचलं, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि पुन्हा येऊन म्हणाले, "परत एकदा दाखव." मशीन दर वेळी तेच सांगतं का, हे त्यांना तपासायचं होतं. मशीननं दुसऱ्या वेळीही तेच सांगितलं, तेव्हा ते हसले आणि गाडी गाठायला गेले.

दिवस कलला. शेवटचे पालक गेल्यावर अण्णा अंगणातल्या बाकावर बसले. मी समोर उभी होते. सौदा दोघांनाही पाठ होता.

"अडथळा न येता, असं ठरलं व्हतं," अण्णा म्हणाले. "अडथळा आला."

आई पातेलं घासता घासता म्हणाली, "अडथळा जमिनीचा व्हता. तिचा न्हवता."

अण्णा माझ्याकडं वळले. "सीईटीच्या दिवशी मी सेंटरच्या समोर हाटेलात बसलो व्हतो," ते म्हणाले. "तू पेपर संपायच्या किती आधी बाहेर आलीस ते बघितलं मी. घंटा होईपर्यंत पाण्याच्या टाकीमागं बसून राहिलीस. मला वाटलं पोरीत दमच न्हाई. कुठंच बूड टेकून बसायची न्हाई ही. म्हणून रिपीटचा हट्ट धरला."

हे त्यांना माहीत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी ते इतके दिवस कुणाला, आईलाही, सांगितलं नव्हतं.

"आज सगळं गाव उठून पळालं आन् तू बसून राहिलीस," अण्णा म्हणाले. "म्हंजे बसता येतंय तुला. बाक मी चुकीचं दिलं व्हतं."

मग ते उठले, घसा साफ केला, आणि वर्गातल्या आवाजात आईला म्हणाले, "नांदेडला फोन कर. म्हणावं पोरीची खोली झाडून ठेव." मी तिथंच उभी राहून रडायला लागले. अंधार पडायला अजून वेळ होता आणि सगळी गल्ली बाहेरच बसली होती, त्यामुळं ते सगळ्यांनी पाहिलं.